न टोचणारे खडे

च्यायी, २२ ऑक्टोबर १९९६

चि. युएच्याओ हिस दादाचे आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तू तायपेईच्या इस्पितळात लोकांच्या हाडांचे फोटो काढत बसतेस, म्हणून तुला एका ठणठणीत माणसाची बातमी कळवतो. बागेतल्या खड्यांच्या वाटेवर मी आता अनवाणी पाच फेऱ्या मारतो आणि काहीच टोचत नाही. तिथला तळव्याचा नकाशा तुला ठाऊकच आहे. तळव्याला जिथे दुखेल, त्या जागेचा अवयव बिघडलेला. माझ्यासोबत फिरणारे ओउ मास्तर दोन पावलांतच आई आई करतात. माझं उन्हाळ्यात आधी उजवं पाऊल गप्प झालं, मग डावं. परवा ज्येष्ठांच्या सणाला वॉर्डप्रमुखांनी सगळ्यांसमोर मला ठणठणीत तब्येतीचं प्रशस्तिपत्र दिलं. मास्तरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तुझी वहिनी मात्र कुरकुरते. काल मी एकाच पायात चप्पल घालून घरी आलो आणि मला पत्ताच नव्हता, म्हणून मला म्हातारचळ लागलाय म्हणते.

लोभ आहेच, तो चालू ठेव.
तुझा थ्येनफू दादा

तायपेई, २६ ऑक्टोबर

ती. दादास सा. न.

पत्र पोचलं. अभिनंदन करणार नाही. खडे टोचायलाच हवेत रे, आणि सुटलेली चप्पल तर कळायलाच हवी. डोळे मीट, वहिनीला तुझ्या पायाचं एकेक बोट धरू दे आणि कुठलं धरलंय ते सांग. आंघोळीचं पाणी हाताला आणि पायाला सारखंच कढत लागतं का, तेही बघ. चिडशील, पण कर. मग निघून ये. प्रशस्तिपत्र आणू नकोस.

रागावून लोभ कमी केलास तर चालेल, तोडू नकोस.
तुझी युएच्याओ

च्यायी, ३० ऑक्टोबर

चि. युएच्याओस आशीर्वाद.

दहातली तीन बोटं बरोबर आली. तीही अंदाजाने ठोकली होती, हे वहिनीला सांगू नकोस. सोमवारी येतो. मी घाबरलोय.

दादा

तायपेई, १३ नोव्हेंबर

सौ. वहिनींस सा. न.

अंथरुणावरच्या आईला सोडून तुम्हाला निघता येत नाही, म्हणून जे आहे ते सरळ लिहिते. दादाच्या पाठीचा एमआरआय मीच काढला. कण्याच्या आत, मज्जारज्जूला दाबणारी बोटाच्या पेराएवढी गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणाले, कुठला तरी कर्करोग तिथवर पसरलाय. दुसरे म्हणाले, मज्जातंतूची गाठ. म्हातारे डॉ. फांग बराच वेळ बघत राहिले आणि रक्तवाहिन्यांची साधी, न पसरणारी गाठ असावी म्हणाले. या जागी ती क्वचितच होते. त्यांनी तीस वर्षांत दोनदाच पाहिली होती. खात्री मात्र गाठ काढून तपासल्यावरच होणार होती.

शुक्रवारी ती काढली. रक्त बरंच गेलं. आज अहवाल आला, फांग बरोबर होते. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं. पण पायांतली जाण परतेल की नाही, हे कोणीच सांगत नाही. दादाने शुद्धीवर येताच विचारलं, ओउ मास्तरांना कळलं का.

तुमचा लोभ आहे, म्हणूनच लपवलं नाही.
युएच्याओ

च्यायी, ९ मार्च १९९७

चि. युएच्याओस आशीर्वाद.

काठी घेऊन चालतो. रोज बागेत जाऊन खड्यांवर उभा राहतो. तीन महिने काही म्हणजे काही नाही. ओउ मास्तर माझा दंड धरून उभे असायचे, एकदाही टोमणा मारला नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

आज सकाळी डाव्या टाचेखाली काहीतरी चावलं. मी एवढ्याने ओरडलो की व्यायाम करणाऱ्या बायका थांबल्या. मास्तरांनी नकाशा बघून कळवळत सांगितलं की माझं काहीतरी मोठं बिघडलंय. मी त्यांच्या गळ्यात पडलो. येताना प्रशस्तिपत्र परत करायला गेलो, तर वॉर्डप्रमुख घेईनात. आता ते मास्तरांच्या घरी लावलंय.

उजवा पाय अजून गप्पच आहे. डावा हे लिहितानाही ठणकतोय. दुखतंय ग, युएच्याओ. खूप दुखतंय.

तुझा दादा