पान एकवीस पाहा

२ मे १९७४
दुपारी वाचनालयात डोळा लागला आणि कॉन्व्हेंटचा व्हरांडा दिसला. माझा तिथला पहिला दिवस. पाणी कुठे, असं वर्गातल्या रोझीला विचारलं. घंटा झाली, विसरले, पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा तिनं हात धरून रांजणापर्यंत नेलं, जणू मी आत्ताच आले. कुठे असेल रोझी.
जागी झाले तर समोर खिळ्याला टांगलेली प्रश्नवही. डाव्या पानावर कोणीही प्रश्न लिहावा, उजव्यावर ज्याला येतं त्यानं उत्तर. निवृत्त झाल्यापासून तीच माझी शाळा.

४ मे
नवा प्रश्न. 'मुलीचं नाव शाळेत घालायचं. जन्माची नोंद नाही. काय करावं?' याचं उत्तर मागेच दिलं आहे. समोर लाल पेन्सिलीनं लिहिलं: पूर्वी विचारलेला प्रश्न. पान एकवीस पाहा. नीटनेटकं वाटलं.

९ मे
दारात एक बाई, कडेला सहाएक वर्षांची मुलगी. वाचनालय उघडणारे मारोतराव तिला माझी लाल ओळ वाचून दाखवत होते. वर्तमानपत्रातून मान वर केली तोवर दारात नुसतं ऊन.
"ते कौसाबाई होती, बाई. तिले वाचता येत नाही. प्रश्न म्याच लिवला होता."
"मग पान एकवीस वाचून दाखवायचं ना."
"ते थांबली कुठं? म्हने, पैलेच कोनी इचारलं, तं आता आपून कायले इचारावं."

१० मे
पान एकवीस काढलं. 'गावच्या कोतवालाकडून नोंदीची नक्कल घ्यावी.' मारोतराव म्हणाले, पोरगी मानोऱ्याकडे झाली, कापूस वेचायला गेले होते तेव्हा, शेताच्या बांधावर. कोणत्याच गावानं लिहून घेतलं नाही.
म्हणजे प्रश्न तो नव्हताच. मी नीट वाचलाही नव्हता.

१७ मे
आठ दिवस वाट पाहिली. आज मारोतरावांना घेऊन वस्तीवर गेले. कडुनिंबाखाली कौसाबाई डाळ पाखडत होती. सावली हलत होती, सुपाचा आवाज झोपेतल्यासारखा.
"माझं चुकलं," म्हटलं.
सूप थांबलं नाही. "चुकलं कायचं? वही तुमची."
"गावाची हाय वो," मा.
"गावाची हाय तं आमाले पान काहून दाखोता?"
तिच्यासमोर खाली बसले. मग सांगितलं, मुख्याध्यापक आईबापांच्या सांगण्यावरून तारीख लिहून घेतात.
"अर्धी शाळा एक जूनचीच हाय," मा. हसले. "माही बी तेच."
कौसाबाई हसली नाही. "पोरगी कापसात झाली. खोटी तारीख कायले सांगू?"
"मग कापसातलीच सांगा. मी लिहून देते."
"पाहू."
मुलीचं नाव सुजाता. तिनं माझं नाव विचारलं. निघताना पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा सांगितलं. घरी येईपर्यंत तो जुना व्हरांडा सोबत होता.

१२ जून
उद्या भाचीकडे नागपूरला, डोळ्यांच्या ऑपरेशनला. अक्षरं हल्ली पाण्याखालची वाटतात. दिसलं तर परतेन. शाळा उघडायला अवकाश आहे. अर्ज लिहून मा.जवळ दिलाय, तारखेची जागा सोडून. कौसाबाई अजून आली नाही. येईलही. किंवा...
लाल ओळ रबरानं पुसली. तिच्या प्रश्नासमोरचं पान कोरं ठेवलं.
प्रश्नवही आणि किल्ली मा.ना. नवं कोणी आलं तर आधी बसवावं, मग ऐकावं. माझी वेताची खुर्ची दाराशी ठेवावी, पहिल्यांदा येईल त्याच्यासाठी. पाटी सुजाताला, नाव लागो न लागो. पेन आणि निळी शाई त्या कोऱ्या पानासाठी. कौसाबाई सांगेल तसं मा.नी लिहावं. लाल पेन्सिल कोणालाच नको.
माठ आतल्या कोपऱ्यात आहे, नवख्याला दिसत नाही. कोणी तिसऱ्यांदा विचारलं तरी हात धरून न्यावं.