आईचा गुडघा आणि नाशिकचा रस्ता

आई, माझाही उजवा गुडघा गेला. काल डॉक्टरांनी एक्सरे उजेडाकडे धरून सांगितलं, झीज झाली आहे, गाडी चालवणं बंद करा. तुला सांगितलं होतं अगदी तसंच. हे ऐकायला तू असायला हवी होतीस. नाहीस, म्हणून लिहिते.

आपण ठाण्यात खोपटला राहायचो तेव्हाची गोष्ट. कोलशेतच्या कारखान्यात तू मीटर दुरुस्त करायचीस, आणि एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी आपली जुनी गाडी काढून नाशिकला अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे जायचीस. बाबांना गाडी येत नव्हती. सारखा अ‍ॅक्सिलरेटर दाबून तुझा गुडघा इतका आखडायचा, की पोचल्यावर तू दार धरून उभी राहायचीस. शेवटी बाबांनी गाडीला गिऱ्हाईक शोधलं. ते रविवारी येणार होतं. तेवढ्यात अमेरिकेतल्या मामाचं खोकं आलं. त्यातलं यंत्र गाडीला बसवायचं, हवा तो वेग आला की बटण दाबायचं. पुढे वेग यंत्र राखणार, पाय मोकळा.

मला अजून दिसतेस. बिल्डिंगच्या आवारात बॉनेट उघडं आहे, पदर खोचून तू कार्ब्युरेटरच्या दांडीला यंत्राची मण्यांची साखळी अडकवते आहेस, दुसरं टोक माझ्या हातात. "ताणू नकोस गं, थोडी सैल हवी. नाहीतर पाय काढला तरी इंजिन ओरडत राहील." ब्रेक दाबताच यंत्र सुटायला हवं, म्हणून ब्रेकच्या दिव्याच्या तारेला जोड देतेस. वरून शेजारच्या काकू विचारतात, "वहिनी, विमान करताय का?" तू मान वर न करता म्हणतेस, "हो, तुम्हाला खिडकीची जागा ठेवलीये."

शनिवारी आपण तिघं भिवंडी बायपास ओलांडून मोकळ्या रस्त्याला लागलो. तू बटण दाबलंस, पाय काढलास, आणि गाडी मंदावली. पुन्हा तेच. कडेला थांबून तू एकेक जोड तपासलास. सगळे बरोबर होते. तुझा चेहरा उतरला. बाबा मागे उभे होते. म्हणाले, "अगं, तुझे ब्रेकचे दिवे गणपतीपासून पेटत नाहीत."

यंत्राच्या विजेची वाट त्याच बल्बमधून होती; बल्ब गेलेले, म्हणून यंत्र लागतच नव्हतं.

"आणि हे आत्ता सांगताय?"

"मला काय ठाऊक, पुढे जायला मागचे दिवे लागतात!"

पडघ्याला नवे बल्ब मिळाले. पुढे तू बटण दाबलंस, पाय जवळ घेतलास, आणि गाडी आपली चालतच राहिली. बाबांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला होता. "बैल आडवा आला तर?" "ब्रेक आहे." "आणि म्हैस?" "अहो, म्हशीलाही तोच ब्रेक!" दर थोड्या वेळाने खरंच कोणी ना कोणी आडवं यायचं, यंत्र सुटायचं, तू पुन्हा बटण दाबायचीस. नाशिकला तू दार न धरता उतरलीस आणि तडक आजीच्या खोलीत गेलीस. बाबांनी तिथूनच फोन करून गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं.

मला डॉक्टरांनी सोमवारी पुन्हा बोलावलंय. गाडी चालवणार नाही, असं मी त्यांच्यापुढे कबूल केलंय. त्यांच्या दवाखान्याखाली गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून घरून जरा लवकर निघणार आहे.