कंपनीचा अहवाल मी वाचला

६ एप्रिल, सकाळी ७.१०
आजपासून रोज पंचवीस पानं. कंपनीचा वार्षिक अहवाल, पानं दोनशे बारा. नऊ दिवसांत खल्लास.

बायको या कंपनीच्या कस्टमर सपोर्ट सेंटरमध्ये अकरा वर्षं आहे. सेंटर बंद होणार अशी तिथे कुजबुज चाललीये, म्हणून ती धास्तावलीये. एका हॉस्पिटलने तिला अपॉइंटमेंट डेस्क सांभाळायला बोलावलंय. पगार थोडा कमी. २४ तारखेपर्यंत हो-नाही कळवायचंय. मी म्हटलं, कुजबुजीवर काय जातेस, मी अहवाल वाचतो आणि सांगतो. ती बरं म्हणाली.

तिचा भाऊ सीए आहे. फोनवर मला म्हणाला, भावोजी, पुढची पानं सोडा, मागच्या टिपा वाचा. शिकलेली माणसं सरळ काही सांगतील तर शपथ.

७ एप्रिल, दुकानात, दुपारी १२
पान ४. अध्यक्षांचं पत्र. काय माणूस आहे! कर्मचारी हेच आमचं कुटुंब म्हणतो. अधोरेखित केलं. तेवढ्यात एक आजोबा चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन आले. लक्ष उडालं. उद्या पन्नास पानं.

९ एप्रिल
काल शून्य. आज अहवाल प्रिंट करून घेतला, स्पायरल बाइंडिंगसकट. शिवाय हायलायटर, लाल पेन, फाईल. तयारी पक्की म्हणजे निम्मं काम झालंच. बायकोने बिल पाहिलं आणि घडी घालून डब्यात ठेवलं.

१२ एप्रिल
पान ६२! बरीच पानं हसऱ्या माणसांच्या फोटोंची निघाली. जोखमींचा विभाग चोवीस पानांचा: भूकंप, युद्ध, हॅकर. वकिलांनाही पोट आहे, लिहू दे. सोडला.

बायकोने विचारलं, सेंटरबद्दल काही सापडलं का. म्हटलं, अगं, एवढी मोठी कंपनी, तुमच्या चारशे खुर्च्यांबद्दल कशाला लिहील?

१५ एप्रिल
आकड्यांत हात घातला. उत्पन्न बारा टक्के वर, नफा एकोणीस. दुकानात एका गिऱ्हाइकाला मार्जिन म्हणजे काय ते नीट समजावलं. तो फ्रेम न घेताच गेला. सपोर्टवरचा खर्च झपाट्याने कमी करणार, असं ठळक अक्षरांत लिहिलंय. शहाणी माणसं. हात आखडता घेतो तोच टिकतो. अख्खा परिच्छेद पिवळा केला.

१८ एप्रिल
आता फक्त टिपा उरल्या, पान १४० पासून. अक्षर मुंगीएवढं. माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, मला जवळचा नंबर असता तर मला कळला नसता का? छपाईच वाईट आहे. तर हत्ती गेला, शेपूट राहिलं. अहवाल वाचून झाला असं धरायला हरकत नाही.

बायकोने पुन्हा विचारलं. या वेळी थेट, टिपांमध्ये काही आहे का. भावाने कान भरलेले दिसतात. म्हटलं, काही विशेष नाही.

२१ एप्रिल, दुकानात
जिवाला चैन नाही. सकाळपासून सहा चहा. उठतो, काचा पुसतो, बसतो, परत उठतो. न राहवून मागची पानं उघडली. पान १७१. 'पुनर्रचना' असं काहीतरी मोठ्या अक्षरात होतं. खाली सगळा मुंग्यांचा बाजार. मिटलं, कारण गिऱ्हाईक आलं.
(गिऱ्हाईक पाऊण तासाने आलं.)

२३ एप्रिल, संध्याकाळी ६
निर्णय झाला. हॉस्पिटलला नकार. मेल मीच तिच्या फोनवर लिहून दिली, चांगली तीन परिच्छेदांची. तिने विचारलं, सगळं नीट वाचलंस ना? म्हटलं, अक्षरन्‌अक्षर. ती बरं म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली. संसारात कोणीतरी ठाम असावं लागतं.

२७ एप्रिल, दुकानात, संध्याकाळी ५.३०
तिमाही निकाल! विक्रमी नफा! कंपनीची सभा फोनवर लाईव्ह ऐकतोय. एकटाच टाळ्या वाजवल्या. आता प्रश्नोत्तरं.

५.५०
कोणीतरी सपोर्टच्या खर्चाबद्दल विचारलं. फायनान्सवाल्या बाई म्हणाल्या, तीन सेंटरं जूनअखेर बंद होतायत, अहवालाच्या टीप सतरामध्ये सगळं दिलंय. जसं काही सगळ्यांना माहीतच आहे.

६.०५
टीप सतरा. पान १७१. विक्रीचा रीडिंग चष्मा लावून वाचली. यादीतलं दुसरं सेंटर हिचंच. तारखेसकट. अकरा वर्षांची नोकरी गेली, आणि हातातली दुसरी मी घालवली. घरी कुठल्या तोंडाने जाऊ?

रात्री ८
सांगितलं. सांगताना रडलो. तिने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

हॉस्पिटलला तिने १३ तारखेलाच होकार कळवलाय. टीप सतरा भावाने वाचून दाखवली होती. माझी मेल पाठवलीच नाही. सोमवारी रुजू होतेय.

जीव भांड्यात पडला. मग रागच आला. म्हटलं, सगळं ठरलं होतं तर मला पुन्हा पुन्हा कशाला विचारत होतीस?

"एकदा तरी म्हणशील, वाचलं नाही म्हणून," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं बरंचसं वाचलं होतं.

ती उठून आत गेली.