ताईचा थेंब

४ जून
लागले बाई एकदाची नोकरीला! फळमाश्यांची प्रयोगशाळा म्हणजे आंबूस वासाची उबदार खोली आणि फळ्यांवर नुसत्या बाटल्याच बाटल्या. माश्यांचं खाणं शिजवणाऱ्या मावशींनी चहा पाजला, घरी जाताना केस झटकायला सांगितले, नाहीतर एखादी सोबत येतेच म्हणाल्या. साहेब नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि पोट भरतात माश्यांवरच! त्यांनी मला ओळखलं नाही. बरंच झालं.

९ जून
काम सोपं आहे. बाटलीला आतून साहेबांचं नवं कीटकनाशक फासायचं, माश्या सोडायच्या, दुसऱ्या दिवशी मेलेल्या मोजायच्या. माझी थोरली बहीणही इथं हेच करायची. माशीच्या अंगातलं एक संप्रेरक वाढलं की हे विष तिला बाधत नाही, हे ताईनं दाखवून दिलं. साहेबांनी तिला चारचौघांत खोटारडी म्हणून हाकललं. तेव्हापासून ताई भिंतीकडे तोंड करून पडून असते, भरवलं तरच खाते. साहेब, तुमची अशी जिरवीन ना!

२० जून
माद्यांना गुंगी देऊन पोटावर त्या संप्रेरकाचा थेंब लावते. ताईचंच खरं! विषातही टुणटुणीत. वाचतील त्यांची पिल्लावळ वाढवायची, तिला पुन्हा विष, पुन्हा थेंब. साहेबांचं विष बघायला मोठे पाहुणे येतील तेव्हा बाटल्या याच मांडणार.

१८ ऑगस्ट
काय फजिती झाली साहेबांची! एक माशी मरेल तर शपथ. पाहुणे हसत गेले. मग साहेब पिसाळले, माझ्या बाटल्या फोडून विष फवारत सुटले. माश्या त्यांच्या नाकातोंडात शिरल्या. मी बाहेरून दार ओढून धरलं. थोडाच वेळ. मजा वाटली मला.

१९ ऑगस्ट
साहेब गेले. घशात माश्या होत्या म्हणे. मी ताईला आनंदानं सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे वळली. एवढ्या पिढ्यांना विष कुणी घातलं, असं तिनं विचारलं. मीच की, म्हटलं. ती पुन्हा भिंतीकडे वळली.

२१ ऑगस्ट
माश्या घरात आल्यात. मी जाईन त्या खोलीत. जेवायला तोंड उघडलं की लगेच— साहेबांवर राग असेल ना त्यांचा? माझ्यावर कशाला?

२२ ऑगस्ट
घाबरून ताईच्या खोलीत पळाले. माझ्यामागून त्याही. तिच्या उशीवर, पापण्यांवर. ती ओठ घट्ट मिटून—
दार-खिडक्या लावल्या. कामावरून आणलेला साहेबांच्याच विषाचा डबा रिकामा होईतो फवारला. डोकंच चाललं नाही, हात सवयीनं तिकडेच गेला.
एकही पडली नाही. पडेल कशी, मीच तर त्यांना—
खिडकी उघडलीय. जात नाहीत. डॉक्टर निघालेत म्हणे. ताई खोकत होती, आता खोकत नाही. तिला सोडून सगळ्या माझ्याकडे— येऊ देत. ताई, ऊठ ना गं, तुझ्यासाठीच तर मी हे सग—