रिले झोपत नाही

६ ऑक्टोबर
पोचले एकदाची! परतवाड्याहून जीपमध्ये बायका, कोंबड्या आणि माझी मीटरची पेटी, सगळं एकमेकांच्या मांडीवर. सेमाडोहच्या पुढे टेकडीवर आमचा रिले आहे. दरीतला फोन मोठ्या टॉवरपर्यंत पोचत नाही. हा मधे उभा राहून ऐकतो आणि पुढे सांगतो. सगळं सौरऊर्जेवर. कोणी बोलत नसेल तेव्हा त्याला झोपवून वीज वाचवायची, एवढंच माझं काम. अकोल्याच्या उन्हातून आलेल्या बाईला ही हवा म्हणजे चैनच. राखणदार देवमनभाऊंनी खोली झाडून ठेवली होती, आल्या आल्या चहा दिला. दोन-चार दिवसांत आटपेल.

८ ऑक्टोबर
कसलं आटपतंय! रिले झोपतच नाही. पॅनेल पुसले, वायरी तपासल्या, बॅटरी बदलली. तरी दुपारीच मान टाकते. कारण एकच, दरीतून एक फोन सतत जोडलेला. तिथलं गाव कधीच उठून गेलंय, आता नुसता साग आणि गावाचं जुनं मसण. अमरावतीहून गजेंद्र सरांनी फोनवर विचारलं, अकोल्याच्या पोरींना मीटर वाचता येत नाही का.

९ ऑक्टोबर
अँटेना घेऊन दरीत उतरले. एका कोरड्या नाल्याच्या काठी सिग्नल सगळ्यात जोरात. माणूस नाही, फोन नाही. गुडघे खरचटले ते वेगळंच. वर येऊन बघते तर लॅपटॉप मख्खपणे दाखवतोय, कॉल चालू. फेकून द्यावासा वाटला.
देवमनभाऊ मग म्हणाले, "थो मैनाचा फोन हाय, मॅडम. माया बायकोचा."
गेल्या वर्षी नाल्यात तिला साप चावला. तिने फोन लावला; पण कोण्या इंजिनिअरने रिले झोपवलेला होता, तो जागा झालाच नाही. सापडली तेव्हा फोन कानालाच होता. नाल्याच्या काठीच, फोनसकट पुरली.
"अजून लावूनच राह्यली थे. बंद नोका करू."
वाईट वाटलं, खरंच. पण सरांना हे कसं सांगू?

११ ऑक्टोबर
सरांचा निरोप: उद्यापर्यंत रिले झोपला नाही तर दुसरा माणूस पाठवतो. संतापून मेन स्विचच खाली ओढला. देवमनभाऊ आडवे आले, त्यांना नको नको ते बोलले. दिवा विझला. झोपला अखेर!
मोबाईल काढला तर रेंज नाही, ते साहजिकच. पण तो तापलाय, चार्जिंग भराभर उतरतंय. रिले नसला की जवळचा फोनच रिलेचं काम करू शकतो, हे नव्या लोकांना मीच शिकवते.

१२ ऑक्टोबर
मोबाईल मेला. लॅपटॉपही. स्विच वर केला, रिले उठत नाही. भाऊंना हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज माझा नव्हता —
"आवो, मले चावलं —"
ते माझ्यापुढे बसून रडायला लागले. "बोल मैना. बोल."
मी संध्या आहे, हे सांगायचं होतं. तेही तिच्याच आवाजात —

१३ ऑक्टोबर
हात जड. थंडी वाजते. खालून जीप गेली, ओरडले — आवाज तिचाच निघाला. ती माझीच वीज ओढतेय — भाऊ समोरून हलत नाहीत. जेवायला देतात, काही पुरत नाही —

१४ ऑक्टोबर
सकाळी तिचा आवाज थांबला. सांगायचं ते सांगून झालं असावं. भाऊ शांत झोपलेत. सुटले, असं वाटलं — पण दरीतून आणखी — एक नाही, कितीतरी — गावच्या गाव — ज्यांची हाक कधी वर पोचलीच नाही — सगळे एकदम — एवढ्यांना मी पुरणार ना—