शेवटचे पान न वाचल्याबद्दल

मी, प्राचीन भाषांची निवृत्त शिक्षिका, वय एकाहत्तर, अविवाहित. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर मनाला टोचते आहे म्हणून ही व्यवस्था लिहून ठेवते.

एक. राहते घर आणि बँकेतील ठेव भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावी. ही भरपाई नव्हे. तेवढी माझी ऐपत नाही.

दोन. शब्दकोश कॉलेजला द्यावेत. जगाच्या अंताची पोथी आणि तिचे मी केलेले भाषांतर मात्र भाचीनेच ठेवावे. ज्यांचे शहर एका राजाने जाळले, त्यांनी ती लिहिली. राजाचे नाव घेणे जिवावरचे, म्हणून त्याला मातलेला रेडा म्हटले. पुढे प्रत्येक शतकाने त्या रेड्यात आपापला वैरी पाहिला: कोणी परका सेनापती, कोणी रोगाची साथ, कोणी कारखान्याचे धुराडे.

वाचनालयात दर रविवारी मी ती वाचून दाखवी. तारे गळतात, समुद्र पेटतो, तिथेच थांबे. शेवटच्या पानावर माणसे परत येऊन राखेत चुली मांडतात. पण ते वाचले की सभा सैल पडे, लोक चपला शोधू लागत.

घरचे माझ्या विद्येला मेलेल्यांची बडबड म्हणत. गवंडीकाम करणारा धाकटा भाऊ तेवढा ती खरी मानी. मागच्या रांगेत बसे. त्याने स्वतःचे घर खिडकीपर्यंत आणून सोडले.

"ताई, सगळं जळायचंच आहे, तर छप्पर कशाला?"

भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही एकदा सांगा ना. तुमचंच ऐकतील."

सांगते म्हणाले, सांगितले नाही. माझ्या शब्दाखातर कोणी हातातली थापी खाली ठेवतो, याची मला गोडी लागली होती. अर्ध्या भिंतींवरच्या पत्र्याखाली दोन हिवाळे काढून भावजय न्यूमोनियाने गेली. तिला पोचवून आल्यावर भाऊ म्हणाला, "बघ, तू म्हणालीस तसंच सुरू झालं." तेव्हाही मी शेवटचे पान काढले नाही.

तीन. वाचनालयाच्या अध्यक्षांना माझा फोटो लावायची हौस आहे. लावू देऊ नये.

चार. गेल्या महिन्यात मी भावाला शेवटचे पान वाचून दाखवले. त्याने विचारले, "हे पान तेव्हा होतं?"

"होतं."

तो उठून गेला. माझ्या अंत्ययात्रेला तो आला नाही, तर कोणी त्याला बोल लावू नये.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक: आजचा, मंगळवार.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिली: शेजारची शिंपीण.

साक्षीदार दुसरा: भाऊ, गवंडी. निरोप पाठवल्यावर आला. आत ये म्हटले, आला नाही. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच सगळे वाचले आणि सही केली.