रिकाम्या वाट्या

ता. ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील. जिना चढताना गुडघा कुरकुरत असेल आणि कुणी विचारलंच तर "मला काय धाड भरलीय" म्हणत असशील. वहिनीच्या कुंड्या कशा आहेत? मागच्या जिन्यातला तो कानतुटका बोका अजून येतो का? मी ठीक आहे. बोटं आता पेन धरण्याइतकी वळतात, त्याचा पुरावा तुझ्या हातात आहेच.

आज सकाळपासून बाबांचं एक वाक्य डोक्यात घोळतंय. मी शाळेत होते, तू नुकताच आपल्या सुपाच्या दुकानात उभा राहायला लागला होतास. बाहेर थंडीत गिऱ्हाइकं ताटकळत होती. तू शटरला हात घातलास आणि पातेल्याजवळून बाबा म्हणाले, "तिनं मान हलवल्याशिवाय शटर वर जायचं नाही." मी गणवेशात, हातात चमचा. मी मान आडवी हलवली. मीठ कमी होतं. तू चिडलास, बाहेरून कुणीतरी शटर वाजवलं, पण बाबांनी कुणाचंच ऐकलं नाही. मीठ घातलं, ढवळलं आणि चमचा पुन्हा माझ्यापुढे केला.

तेव्हापासून मी तापानं अंथरुणाला खिळेपर्यंत आपलं दुकान माझ्या मानेवर उघडलं. हे तुला आठवत असेल तरच पुढे वाच. कारण मी रागात आहे, आणि तू मला ओळखतोस, रागात माझं अक्षर सुधारतं.

परवा वहिनी येऊन गेली. पिशवीतून सुपाचा फ्लास्क काढून तिनं टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यानं दिलंय. अशक्तपणा असेल म्हणाला."

"वहिनी, मी हे घेत नाही. माहीत आहे ना तुला?"

"मला माहीत आहे गं. त्यालाही माहीत आहे. पण त्याला माहीत असूनही माहीत नसतं, त्याला मी काय करू?"

आम्ही दोघी हसलो. ती माझी खोली बघत राहिली. एक खाट, एक शेगडी, खिडकीत मोड यायला फडक्यात बांधून टांगलेले मूग. "पक्ष्याचा संसार केलायस," म्हणाली, आणि जाताना माझ्या बोटांवरून हात फिरवून गेली. दुकानावरच्या पाटीबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. बिचारी. तुझ्या चुका पदराखाली झाकून झाकून तिचा पदर विरला असेल.

पाटीचं मला काल कळलं. तळमजल्यावरची शिंपीणबाई वर आली. तिच्या नवऱ्यालाही माझ्यासारखाच ताप येऊन गेला आणि सांधे धरून बसला. ती दारातच उभी राहिली, गळ्यात माप घ्यायची पट्टी तशीच.

"ताई, एक विचारू? तुमच्या भावाच्या दुकानावर पाटी आहे. 'आजारातून उठवणारं सूप, घरच्या माणसावर अनुभवलेलं.' ते घरचं माणूस म्हणजे तुम्हीच ना?"

मी हो म्हटलं.

"मग खरं सांगा, किती दिवसांनी गुण आला? आमच्यांनी गोळ्या निम्म्या केल्यात. म्हणतात, सूप लागू पडतंय तर विष कशाला गिळू? पण गुडघे पुन्हा सुजलेत हो."

दादा, मी हातातली वाटी खाली ठेवली. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जा आणि गोळ्या सांगितल्या तशा पूर्ण दे. मी सुपानं उठलेली नाही, हेही सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच खोटं बोलतेय. पाटीवर रंगानं लिहिलेलं खरं, आणि पाटीवरचं माणूस समोर उभं राहून सांगतंय ते खोटं!

ही तुझी कमाई. एका माणसाचे सुजलेले गुडघे.

आता पहिल्यापासून सांगते. तू म्हणशील, मला सगळं ठाऊक आहे. तुला काहीही ठाऊक नाही.

ताप उतरला आणि अंग मात्र लाकडाचं झालं, तेव्हाचे दिवस तुला आठवतात. दुकानाच्या वरच्या खोलीत मी पडून असायचे. कपबशी उचलता येत नव्हती, केस वहिनी विंचरायची. सगळ्यात वाईट म्हणजे जिभेवर माती. काहीही घाला, माती. ज्या जिभेवर मी लहानाची मोठी झाले ती मेली, असं वाटून मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. खालून पातेल्याची वाफ फरशीतून वर यायची आणि ढवळून यायचं. मला! त्याच वाफेत वाढलेल्या मला!

आणि मग एक दिवस वहिनीनं वाटाणे उकडून आणले. नुसते, मीठसुद्धा विसरली होती. मी एक तोंडात टाकला आणि गोड लागला. हिरवा, ताजा, गोड. दादा, मी तो वाटाणा किती वेळ तोंडात धरून बसले होते! चव परत येताना पातेल्यातून आली नाही, शेंगेतून आली. यात माझा काय दोष?

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "झाडापानांचंच खाऊन बघायचं असेल तर बघा. डाळी, कडधान्यं नीट घ्या, मधूनमधून रक्त तपासा. पण गोळ्या सोडायच्या नाहीत. जेवणानं आजार गेला असं मला येऊन सांगू नका." मी कुठं म्हटलं तसं? मला एवढंच कळत होतं की असं खाल्लं की अंग हलकं राहतं आणि ढवळत नाही. मी कुणाला उपदेश केला नाही, कुणाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं नाही. फक्त माझ्या ताटापुरतं बोलले.

तर तू काय म्हणालास? "बाबांच्या पोरीनं आता गवत खायचं!" दुकानभर हशा. मग रोज एक टोमणा. "काय गं, आज चरायला कुठे?" "अगं, हिला दावं बांध," असं वहिनीला. मी हसत राहिले. म्हटलं, थट्टा करतोय, करू दे, थट्टेनं कुणी मरत नाही.

मग माझ्या डाळीत हाडांचं सूप यायला लागलं.

दुकानात तू ते चारचौघांत फोडलंस त्या दिवशी वहिनी पुढे येऊन म्हणाली, "मीच घालत होते, तिच्या अंगात ताकद यावी म्हणून." आणि तू तिला म्हणू दिलंस. मान खाली घालून पातेलं ढवळत राहिलास. मला त्या क्षणी तुझा जितका राग आला तितका आयुष्यात कधी आला नाही. कारण ते सूप वहिनीच्या हातचं नव्हतं. वहिनी हाडं तव्यावर भाजते तेव्हा वेळेवर उतरवते. तू गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसतोस आणि एक बाजू करपवतोस. मग गिळल्यावर जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहतो. बाबा त्याला 'तुझी सही' म्हणायचे. विसरलास? बाबा मला कितीदा म्हणाले असतील, "घे, सांग बरं, आज कुणी भाजलीत?" आणि मी एकदाही चुकले नाही.

पहिल्या चमच्याला कळलं होतं मला. पहिल्या चमच्याला, दादा.

तेव्हा आता ऐक. तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "बघा, माझ्या सुपानं उठून बसली! हिला वाटतंय ही डाळ पीत होती!" सगळे हसले. मी जिना चढून वर गेले आणि बॅग भरली. तुला वाटलं, फसवलं म्हणून रुसली. येईल दोन दिवसांत. मी फसवलं म्हणून नाही गेले. मी फसले असं तुला वाटलं, म्हणून गेले. ज्या जिभेवर तू शटर उघडत आलास तिला डाळ आणि हाड यातला फरक कळणार नाही, हे तू धरून चाललास, आणि मग चारचौघांत त्यावर हसलास.

मी तो पहिला चमचा खिडकीतून थुंकून टाकला. पुढची एकही वाटी मी प्यायले नाही. वहिनी खाली गेली की मी हळूहळू, भिंतीला धरून, मागच्या जिन्यापर्यंत जायचे आणि वाटी बोक्यासमोर ठेवायचे. तो सूप चाटून घ्यायचा आणि डाळीचे दाणे तसेच सोडायचा. ते मी निपटून टाकायचे, वाटी धुवायचे आणि जागेवर ठेवायचे. माझं जेवण मी वहिनीनं आणून ठेवलेल्या भातावर आणि मोड आलेल्या मुगावर भागवलं. खरं सांगायचं तर मला चालायची सवय झाली ती त्या जिन्यामुळे. तुझ्या सुपानं कुणाला बाळसं आलं असेल, तर त्या बोक्याला. लाव पाटीवर त्याचं चित्र.

हसू नकोस. हसलास ना? मला माहीत आहे तू हसलास.

आता तू विचारशील, मग त्याच दिवशी का नाही बोललीस? ताट आपटायचं, भांडायचं, तुझं तोंड तर बंद नसतं कधी. खरंय. मी बोलणारच होते. पहिल्या दिवशी बोक्याकडून परत आल्यावर मी वाटी घेऊन दाराशी गेले होते, वरून ओरडायला. दार किलकिलं होतं. तू पुढच्या जिन्याच्या पायरीवर बसला होतास. दुकान उघडं टाकून, गुडघ्यावर फडकं घेऊन. वहिनी वाटी न्यायला वर आली. मी खाटेवर जाऊन पडले. ती वाटी घेऊन उतरली तेव्हा तू ती तिच्या हातून घेतलीस आणि आत बघितलंस. रिकामी होती. तू ती उलटी करून बघितलीस. मग फडक्यानं तोंड पुसलंस, एकदा, दोनदा, आणि खाली गेलास. खालून तुझी शीळ ऐकू आली. बाबा गेल्यापासून तू शीळ घातली नव्हतीस.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची सुपाची वाटी भरलेलीच परत यायची. रोज तूच घेऊन जायचास, रोज तूच परत आणायचास. त्यांनी तोंड फिरवलं की तू म्हणायचास, "बाबा, एक चमचा. तुमचंच आहे." नाही घेतला त्यांनी. तू कधी बोलला नाहीस, पण मला माहीत आहे तुला काय वाटतं. घेतला असता तर राहिले असते. नसते राहिले रे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुझ्यासमोर सांगितलं होतं.

म्हणून मी रोज वाटी रिकामी पाठवत राहिले.

पण म्हणून तुला माफ केलंय असं समजू नकोस. प्रेमानं केलं म्हणून काय झालं? प्रेमानं माझ्या तोंडात काय जावं हे तू ठरवणार? मी नाही म्हटलं होतं. शुद्धीत, स्पष्ट, तुझ्या डोळ्यांत बघून. बाबांनीही नाहीच म्हटलं होतं, तोंड फिरवून. आपल्या घरात 'नाही' हा शब्द फक्त मीठ कमी असलं तरच ऐकू येतो का?

तेव्हा पहिली गोष्ट. पाटी उतरव. ही विनंती नाही. आज उतरव, हे पत्र वाचून संपायच्या आत. नाही उतरवलीस, तर मी दुकानासमोर उभी राहून प्रत्येक गिऱ्हाइकाला बोक्याची गोष्ट सांगेन. तू मला ओळखतोस.

दुसरी मात्र विनंती आहे, आणि तिचं काय होणार हे मला आत्ताच दिसतंय.

वहिनीचा फ्लास्क मी धुऊन परत पाठवतेय. रिकामा नाही. आत माझी डाळ आहे, आज सकाळी केलेली. कांदा मंद आचेवर भाजला, करपू दिला नाही. हाड नाही, चरबी नाही, काही लपवलेलं नाही. तू उघडशील, नाकाजवळ नेशील आणि "गवताचं पाणी" म्हणून बाजूला ठेवशील. किंवा वहिनीला म्हणशील, "तूच घे." तरी विचारते. उद्या पहाटे, शटर वर करण्याआधी, पातेल्याजवळ उभा राहून यातला एक चमचा घे. एकच. आणि मान हलव. उभी की आडवी, ते वहिनी मला सांगेल. आडवी हलवलीस तरी चालेल. मीठ कमी असेल तर मी घालीन.

मागच्या जिन्याकडे नेऊ नकोस. बोका डाळ खात नाही, मी बघितलंय.

तुझी,
जीभ शाबूत असलेली,
धाकटी